मदत हवी आहे: चाकाचा एक नट गोल झालाय, पाना धरतच नाही

गाडी वॅगन आर, डावं पुढचं चाक पंक्चर. बाहेरून बसवलेली अलॉय (मिश्रधातूची) चाकं आहेत. चारपैकी तीन नट सुटले, चौथ्याच्या कडा पार झिजल्यात. मागच्या वेळी पंक्चरवाल्याने नट आवळायच्या मशीन-गनने आवळले होते, आणि मी गाडीसोबत आलेल्या पान्यावर उभा राहिलो. चूक माझीच.

आतापर्यंत केलेलं: डब्ल्यूडी फोर्टी मारून रात्रभर ठेवलं. मग १९ चा बारा कोनी सॉकेट सोडून सहा कोनी लावला, तोही फिरतो. १८ चा हातोडीने ठोकून बसवला, चार फुटी पाइप लावला, तर करकर आवाज करून निघून आला आणि त्यात नटाची चांदी चांदी भुकटी. नट खोल भोकात असल्याने छन्नी तिरकी लागत नाही, अलॉयलाच खरवडते. चाक जमिनीवरच ठेवून जोर लावतोय, बाकीचे तीन नट परत बसवलेत. लॉक नट (चोरी टाळायला असतो तो, खास किल्लीने उघडणारा) नाही, साधाच आहे.

गाडी सांगलीत विश्रामबागला सोसायटीत खाली उभी आहे, चालवत नेता येणार नाही.

आतून उलट्या आट्यांचा, गोल झालेले नट काढायचा सॉकेट सांगली-मिरजेत कुठल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो? की कुपवाड एमआयडीसीतून वेल्डर बोलावून वर दुसरा नट वेल्ड करून घ्यावा? त्या उष्णतेने अलॉय किंवा बेअरिंगचं ग्रीस बिघडेल का? आणि स्टड (ज्यावर नट बसतो तो बोल्ट) तुटलाच, तर पुढचा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) न उतरवता नवा बसतो का?