मदत हवी आहे: सिंथमध्ये नवीन टोन जाईनात, शनिवारी कार्यक्रम आहे

गड्डा_बॉय
नमस्कार. सिंथमध्ये (सिंथेसायझर कीबोर्डमध्ये) नवीन टोन टाकायचेत. नेटवरून फाईल उतरवल्या, लॅपटॉपला वायर जोडली, सेंड दाबलं, काहीच होईना गेलंय. तीन दिवस हेच करायलोय. शनिवारी सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आहे. युट्यूबवरचं सगळं बघून झालंय, लिंका देऊ नका. काय ते पटकन सांगा.

तारसप्तक
कुठला सिंथ?

कडक_भाकरी
दवाखान्यात जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालं की हे. मॉडेल कुठलं, वायर कसली, सॉफ्टवेअर कुठलं, फाईलच्या नावाच्या शेवटी काय आहे, सगळं लिहा भाऊ.

गड्डा_बॉय
यामाहाचा आहे. जुना. मामांचा. ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता हात थरथरतो म्हणून मला दिला. वायर साधी यूएसबी मिडीची (सिंथ लॅपटॉपला जोडायची), बाजारातनं घेतलेली.

ढोलकी_किंग
जुन्या खोक्याच्या नादी कशाला लागताय? सेकंडहँड रोलंड एक्सपीएस १० बघा. पेनड्राईव्ह लावा, सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) आत घ्या, विषय संपला. आमच्या बँजो पार्टीत तोच आहे. ढोलकी, बासरी, सनई, सगळं त्याच्यावरच.

तारसप्तक
काय विकत घेऊ असं त्यांनी विचारलेलं नाही. गड्डा_बॉय, मागच्या बाजूला नाव असेल. वाचून सांगा.

गड्डा_बॉय
डीएक्स ७. नावानं काय फरक पडतोय? फाईल तर सगळीकडं सारखीच ना.

तारसप्तक
नावानंच सगळा फरक पडतो. १९८३ चं यंत्र आहे हे. यात सॅम्पल नसतातच, सहा ऑपरेटर (म्हणजे लहरी तयार करणारे भाग) एकमेकांना हलवून आवाज तयार करतात. म्हणून एक टोन म्हणजे नुसते आकडे. ३२ टोनांची पूर्ण बँक ४१०४ बाइटची असते, व्हॉट्सअॅपवरच्या एका फोटोहूनही कितीतरी लहान. फाईल .syx ची आहे का? आकार किती?

गड्डा_बॉय
हो, syx. ४१०४ च दाखवतंय. मग तर बरोबर आहे ना?

कडक_भाकरी
थांबा, इथंच लोक फसतात. डीएक्स २१, डीएक्स १००, टीएक्स ८१झेड यांची बँकसुद्धा ४१०४ बाइटचीच. पण ते चार ऑपरेटरवाले, त्यांची बँक तुमचा डीएक्स ७ घेणार नाही. हेक्स एडिटरमध्ये (फाईलमधले कच्चे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून सुरुवात बघा. एफ० ४३ ०० ०९ असं पाहिजे. चौथा आकडा ०४ दिसला तर फाईल दुसऱ्या भावकीची. (४३ म्हणजे यामाहा. रोलंडचा ४१, कॉर्गचा ४२.)

ढोलकी_किंग
बघा, हेक्स एडिटर! आणि आमच्याकडं नुसता पेनड्राईव्ह.

पेठेतला_पियानो
पुण्यातून लिहितोय. जपानी डीएक्स ७ असेल तर तो १०० व्होल्टचा असतो, सरळ २३० ला लावू नका, ट्रान्सफॉर्मर लागेल. आणि विकायचा असेल तर मेसेज करा.

गड्डा_बॉय
व्होल्टेजचं विचारलं नव्हतं. चालू आहे, वाजतोय. मामा चाळीस वर्षं सोलापूरच्याच लाईटवर वाजवायलेत. आणि विकायचा नाही.
फाईल बघितली. पहिल्या दोन बँकांत ०४ होतं, तिसरीत ०९. तिसरी पाठवली. स्क्रीनवर काही तरी "प्रोटेक्टेड" आलं.

तारसप्तक
मग निम्मं काम झालं, निदान निरोप पोचतोय. डाव्या बाजूला मेमरी प्रोटेक्टची बटणं आहेत. इंटर्नल दाबा, मग नो. दर वेळी सिंथ चालू केला की हे पुन्हा ऑन होतं, शनिवारी विसरू नका. नंतर फंक्शन दाबून ८ नंबर: मिडी चॅनल १ ठेवा, पुन्हा ८, सिस इन्फो "अव्हेल" करा, म्हणजे टोनांची देवाणघेवाण चालू होते.

पण एक मिनिट. अजून सेंड दाबू नका. मामांनी स्वतः बनवलेले टोन आत आहेत का?

गड्डा_बॉय
असतील की. काही नावं विचित्र आहेत. का?

कडक_भाकरी
अहो, ३२ आले की आतले ३२ जातात! एकाच्या जागी एक. परत मिळत नाहीत.

तारसप्तक
म्हणून आधी बाहेर काढा. सिस इन्फो अव्हेल केलं की पुन्हा ८ दाबल्यावर ट्रान्समिटबद्दल विचारेल. लॅपटॉपवर मिडीऑक्स किंवा डेक्स्ड यांपैकी एक सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगला लावा, मग सिंथवर येस. सव्वा-दीड सेकंदात ४१०४ बाइट यायला हवेत. मिडीचा वेगच सेकंदाला ३१२५ बाइट. कमी आले तर वायर खराब. स्वस्त वायरी नोटा व्यवस्थित नेतात, पण लांबलचक सिस्टिम एक्सक्लूझिव्ह निरोप (टोनांची बँक अशाच निरोपातून जाते) मधेच गिळतात.

ढोलकी_किंग
त्या वायरीवर "इन" लिहिलेलं टोक सिंथच्या "आउट"ला लावतात काही, तर काही "इन"ला. कंपनीकंपनीनुसार उलटं. एवढं मला पण माहितीये.

कडक_भाकरी
वा, आज पहिल्यांदा उपयोगाचं बोललात.

गड्डा_बॉय
३२१७ बाइट आले. पुन्हा केलं, २९०४. तिसऱ्यांदा वेगळंच.

तारसप्तक
वायर. मित्राकडचा जरा बरा इंटरफेस (यूएसबी-मिडी जोडणारा डबा) मिळतो का बघा. फंक्शन १४ दाबून बॅटरीही बघून घ्या, आतले टोन तिच्यावर टिकून आहेत. ३ च्या आसपास आकडा असेल तर चिंता नाही. फार खाली असेल तर मात्र आतले टोन असे बाहेर काढून होईपर्यंत खोलूबिलू नका. बॅटरी पाटीवर डाक दिलेली असते, काढली की सगळं पुसलं जातं.

गड्डा_बॉय
साखर पेठेतल्या मित्राचा इंटरफेस आणला. ४१०४ पूर्ण आले! बॅटरी २.९. मामांना फोन लावला आणि नावं वाचून दाखवली. एक "SANAI 2" आहे. म्हणाले, सनई एक होतीच, पण ती बँडमधल्या पोरानं १९८९ ला पुसली, त्यावरून चार महिने बोलणं बंद होतं. मी काय करणार होतो ते सांगितलं नाही.

नवीन बँक गेली. स्क्रीनवर "मिडी रिसीव्ह्ड" आलं. इलेक्ट्रिक पियानो भारी वाजायलाय.

आता एकच. मामांची सनई आणि नवीन पियानो एकाच बँकेत ठेवायचेत. त्यासाठी काय?

तारसप्तक
डेक्स्डमध्ये दोन्ही फाईली उघडा, हवे ते टोन एका बँकेत ओढून घ्या, सेव्ह करून तीच पाठवा. मामांची मूळ फाईल मात्र वेगळी ठेवा, आणि एक प्रत पेनड्राईव्हवर.

ढोलकी_किंग
बघा, शेवटी पेनड्राईव्हच.