'द लिव्हिंग डेलाइट्स' (१९८७): डाल्टनचा पहिला बाँडपट एवढा मागे का पडला?

दुर्बीणवाला:
बाँडपटांची क्रमवारी लावायची वेळ आली की कॉनरी, मूर आणि क्रेगवाल्यांची जुंपते, मधूनच कुणीतरी 'गोल्डनआय' पुढे करतो. टिमथी डाल्टनचे दोन चित्रपट कुणाच्या खिजगणतीतही नसतात. माझ्या मते 'द लिव्हिंग डेलाइट्स' पहिल्या पाचांत हवा. पण पहिल्यांदा पाहणाऱ्यांची तक्रार ठरलेली: व्हिएन्नापर्यंत मजा येते, मग हिरे, अफू, शस्त्रं यांचा असा काला होतो की कोण कुणाला गंडवतंय तेच कळत नाही. जाणकारांनो, या कथानकाचा हिशेब खरंच लागतो का? आणि या चित्रपटाची वकिली करायची तर नेमकं काय दाखवावं?

खतावणी:
हिशेब चोख लागतो. अडचण एवढीच की तो एका जागी सांगितलेला नाही, तुकड्यातुकड्यांनी येतो. माणसांच्या मागे न जाता पैशाच्या मागे जा.

केजीबीने अमेरिकन शस्त्रविक्रेता व्हिटेकर याला पाच कोटी डॉलर आगाऊ दिलेत. रशियाच्या बाजूने हा व्यवहार जनरल कोस्कोव्हच्या हातात. दोघं मिळून त्या पैशाची शस्त्रं घेतच नाहीत, हिरे घेतात. हिरे देऊन अफगाणिस्तानातल्या टोळीकडून अफू उचलायची, ती विकून पन्नासेक कोटी करायचे, त्यातूनच रशियाची मागणी भागवायची आणि उरलेलं खिशात. म्हणजे भांडवल सरकारचं, नफा यांचा.

इथे केजीबीचा नवा प्रमुख पुश्किन आडवा येतो. मोरोक्कोतल्या टॅन्जिअरला जाऊन तो सौदा रद्द करतो आणि आगाऊ रक्कम परत मागतो. मग त्याचा काटा काढणं आलं, तोही ब्रिटिशांच्या हातून. म्हणून कोस्कोव्ह फुटून आल्याचं सोंग करतो आणि ब्रिटिश हेरखात्याचा प्रमुख एम याला सांगतो की 'स्मिएर्त श्पिओनाम', म्हणजे हेरांना ठार करण्याची मोहीम, पुश्किनने सुरू केली आहे. सुरुवातीचा जिब्राल्टरमधला ब्रिटिश हेराचा खून या थापेला पुरावा म्हणून आधीच करून ठेवलेला. खिडकीत बंदूक घेऊन बसलेली, वाद्यवृंदात चेलो हे मोठं तंतुवाद्य वाजवणारी कारा ही कोस्कोव्हचीच मैत्रीण. बाँड तिला मारील, पलायन खरं वाटेल आणि साक्षीदारही संपेल, असा एका दगडात दोन पक्ष्यांचा बेत.

अफगाणिस्तानचा भाग पाहताना रेड क्रॉसच्या पेटीतल्या बर्फावर लक्ष ठेवा. हृदय नेतोय असं सांगून आणलेल्या त्या बर्फात हिरे आहेत. ते एक दृश्य निसटलं की पुढचा अर्धा तास नुसता धुरळा वाटतो.

शब्दवेल्हाळ:
वकिलीच करायची तर ब्रातिस्लाव्हाचं खिडकीचं दृश्य पुरेसं आहे. वाद्यवृंदाच्या मैफलीचं मध्यंतर, समोरच्या अंधाऱ्या खोलीत बाँड पळून येणाऱ्या कोस्कोव्हच्या रक्षणासाठी वॉल्थर डब्ल्यूए २००० बंदूक घेऊन बसलेला. त्याचा ब्रिटिश सहकारी साँडर्स विचारतो, गोळ्या कुठल्या, मऊ टोकाच्या की पोलादी? बाँड पोलादी मागतो, कारण केजीबीचे नेमबाज बहुधा चिलखत घालतात. म्हणजे तो मारायच्या तयारीनेच बसलाय. मग दुर्बिणीत ती मुलगी दिसते, आणि तो नेम जरासा हलवून गोळी तिच्या बंदुकीवर घालतो. नंतर साँडर्स तक्रारीची धमकी देतो, तेव्हा बाँडचं उत्तर साधारण असं: खुशाल कळवा, मी फक्त व्यावसायिकांना मारतो, हिला बंदुकीचं कुठलं टोक कुठे तेही माहीत नव्हतं. एमने काढून टाकलं तर उपकारच होतील. कॉनरी किंवा मूरच्या तोंडी हे वाक्य घालून पाहा, बसत नाही.

आता बाँडचा जनक इयान फ्लेमिंग याची १९६२ ची मूळ कथा घ्या. बर्लिन, तीन संध्याकाळी खिडकीशी वाट पाहणं, बायकांचा वाद्यवृंद, त्यातली चेलो घेऊन जाणारी सोनेरी केसांची मुलगी. तिथे ती खरीखुरी नेमबाज असते आणि बाँडने नेम हलवणं ही त्याची कमजोरी ठरते. चित्रपटाने हे उलटं केलंय: इथे बाँडची दया म्हणजे निरीक्षण आहे. हिला बंदूक धरता येत नाही, मग हिला तिथे बसवलं कुणी? पुढचा सगळा तपास या एका प्रश्नावर उभा आहे. कथा पहिल्या काही मिनिटांत संपते आणि तरी चित्रपट तिच्याच जोरावर चालतो. फ्लेमिंगचं एवढं अक्कलहुशारीने केलेलं रूपांतर या मालिकेत फार नाही.

कावळ्याची_नजर:
थोडा विरोधी सूर. हे सगळं मान्य, पण खलनायकाचं काय? कोस्कोव्ह (येरून क्राबे) गोड बोलणारा ठग म्हणून छान, पण त्याची भीती वाटत नाही. व्हिटेकर आपल्या लुटुपुटूच्या रणभूमीवर शिशाचे सैनिक मांडत बसतो. त्यांचा मारेकरी नेक्रोस मारामारीपुरता. एक खलनायक तिघांत वाटून दिल्यासारखा झालाय, त्यामुळे शेवटही तीनदा होतो: विमानात, मग व्हिटेकरच्या घरी, मग कोस्कोव्हची अटक. विमानातल्या झुंजीनंतर बाकीचे दोन शेवट फिके पडणारच.

दुसरं म्हणजे सूर. पटकथा घडत होती तेव्हा बाँड कोण हे ठरलेलं नव्हतं. पिअर्स ब्रॉस्ननची निवड झाली होती, पण 'रेमिंग्टन स्टील' मालिकेच्या करारात तो अडकला आणि डाल्टन आला. म्हणून डाल्टन रागाने धुमसतोय आणि शेजारी चेलोच्या पेटीत बसून घसरगुंडी, असं चाललंय. टॅन्जिअरच्या छतांवरून, तारांवर टाकलेल्या गालिच्यावरून निसटण्याचं दृश्यही चित्रित झालं होतं. ते कापलं हे देवाचे उपकार.

खतावणी:
गालिच्याबद्दल सहमत. चेलोच्या पेटीबद्दल नाही. जीव मुठीत धरून पळायचंय आणि कारा आपल्या चेलोसाठी गाडी मागे फिरवायला लावते. बाँड वैतागतो, पण शेवटी तीच पेटी बर्फावरून सरहद्द ओलांडायला कामी येते. त्या पळापळीत चेलोला गोळी लागते आणि ते भोक पुढेही दिसत राहतं. शिवाय हा चेलो म्हणजे व्हिटेकरच्या पैशाने घेतलेला स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे अतिशय मौल्यवान जुनं वाद्य, आणि त्याच खरेदीवरून कोस्कोव्ह-व्हिटेकर संबंध बाँडला कळतो. विनोद आहेच, पण तपासाचा धागाही तोच.

रीळ_क्र_७:
विमानातल्या झुंजीबद्दल कुणीच नीट बोललं नाही, म्हणून लिहितो. मालवाहू विमानाचं मागचं दार उघडं, अफूच्या गोण्यांची जाळी बाहेर लोंबतेय आणि तिला धरून बाँड आणि नेक्रोस मारामारी करताहेत. लांबून दिसणारं सगळं खरं आहे. बी. जे. वर्थ आणि जेक लोम्बार्ड हे दोन स्टंटमन कपड्यांखाली पॅराशूट बांधून खऱ्या विमानामागे खऱ्या जाळीला लटकले होते. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटावर हे चित्रित झालं, नटांचे जवळचे शॉट स्टुडिओत. बारकाईने पाहाल तर एक गंमत सापडेल: मोरोक्कोत जमिनीवर दिसणारं विमान चार पंख्यांचं सी-१३० आहे, आणि आकाशात गेलं की ते दोन पंख्यांचं सी-१२३ होतं!

आता पाहण्याबद्दल, कारण निम्मे लोक इथेच फसतात. चित्रपट २.३५:१ या रुंद चौकटीत चित्रित झालाय. जुन्या टीव्ही प्रती ४:३ मध्ये कापलेल्या असतात, त्यांत मूळ चित्राचा जेमतेम ५७ टक्के भाग उरतो. जाळीच्या दृश्यात विमान एका कडेला आणि माणसं दुसऱ्या कडेला असतात, म्हणजे कापलेल्या प्रतीत दोन्हीपैकी एकच दिसणार, आणि उंचीचा अंदाज गेला की थरारही गेला. तीच गत खिडकीच्या दृश्याची. त्यामुळे प्रत निवडताना वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत ना, एवढं बघा. लांबी १३० मिनिटांच्या आसपास हवी, बरीच कमी असेल तर कात्री लागलेली आहे असं समजा.

मंद्रसप्तक:
संगीताचा मुद्दा राहिला. जॉन बॅरीचा हा अकरावा आणि शेवटचा बाँडपट. इथे त्याने वाद्यवृंदाखाली इलेक्ट्रॉनिक ताल ठेवलाय, आणि बर्फातल्या पाठलागात तो ऐकू आला तरी १९८७ चा शिळा वास येत नाही. सगळ्यात हुशारी नेक्रोसच्या बाबतीत. तो वॉकमनवर प्रिटेंडर्स या रॉक बँडचं गाणं ऐकत फिरतो आणि त्याच हेडफोनच्या वायरने गळा आवळतो. बॅरी त्याच गाण्याची चाल नेक्रोसच्या हल्ल्यांना पार्श्वसंगीत म्हणून वापरतो. दुसऱ्यांदा पाहताना चाल आधी ओळखू येते आणि माणूस नंतर दिसतो.

दूधवाल्याच्या वेशात तो ब्रिटिशांच्या सुरक्षित घरात शिरतो, त्यानंतरची स्वयंपाकघरातली हाणामारीही याच यादीत घाला. त्यात बाँड नाहीच! एक बिननावाचा ब्रिटिश हेर हाताला येईल त्या भांड्याने झुंजतो, आणि नेक्रोस किती भारी आहे ते बाँडशी गाठ पडण्याआधीच कळतं.

जाता जाता: शेवटच्या मैफलीत वाद्यवृंदासमोर काठी घेऊन उभा आहे तो स्वतः बॅरी.

दुर्बीणवाला:
सर्वांचे आभार, बर्फाचा मुद्दा विशेष उपयोगी. एक राहिलं: डाल्टनचा दुसरा बाँडपट 'लायसन्स टू किल' आधी दाखवला तर चालेल का?

शब्दवेल्हाळ:
नको. त्यात बाँड नोकरीवर लाथ मारून सूड घ्यायला निघतो. इथे साँडर्सला दिलेलं उत्तर ऐकलं असेल तर ते पटतं, नाहीतर माणूस एकदम बिथरल्यासारखा वाटतो. आधी हा, मग तो. आणि दोन्हींच्या मध्ये मूरचा एकही लावू नका.

कावळ्याची_नजर:
मूरचा 'फॉर युवर आइज ओन्ली' लावला तरी चालेल हो. दिग्दर्शक तोच, जॉन ग्लेन, आणि मूरही त्यात बऱ्यापैकी गंभीर आहे. पण व्हिटेकरबद्दलचं मत मी बदलणार नाही.