गावाकडं परत जाऊन दूधधंदा जमेल का?

आमचं गाव नगर जिल्ह्यात, जेमतेम दोनशे उंबरा. शाळा चौथीपर्यंत, दवाखान्याला तालुक्याला जावं लागतं. पुण्यातली नोकरी सोडून चार गाई घ्यायचा विचार आहे, घरची तीन एकर जिरायत आहे, आई-दादा थकलेत. पोट भरेल का, खरं सांगा.

@बांधावरचा
भाऊ, आधी पाणी बघ मग गाई. मी उलटं केलं, मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसला न कडबा विकत घेऊन घेऊन सगळा पगार त्यातच गेला. डेअरीत फॅट (स्निग्धांश) ३.५ टक्के न एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५ टक्के लागतं, त्याखाली लागलं की लगेच रेट कापतात. पहाटे कॅन घेऊन उभं राहायचं न त्या मशीनचा आकडा बघत छातीत धडधडायचं, हे रोजचंच. दोन गाईंनी सुरू कर.

@रानवाट
या ताईचं, म्हणजे माझं, ऐका दादा, पाण्याचं ठरवायला ग्रामसभेला बसायला लागा. तुमच्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे आदर्श गाव बघून या, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावानं शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस नाही, पाऊस मोजून पीक ठरवतात. तिथं दूध वाढलं ते चारा न पाणी आल्यावर. जल जीवन मिशनमध्ये (घरोघरी नळानं पाणी द्यायची सरकारी योजना) माणशी रोज ५५ लिटर धरलंय पण ते प्यायला-वापरायला, गोठ्याचं पाणी वेगळं लागतं बरं का.

मूळ प्रश्नकर्ता
विहिरीला मेपर्यंत दोन परस (दोन माणसांच्या उंचीइतकं) पाणी असतं. मग दोनच घेतो आधी.