मदत हवी आहे: छोट्या राऊटरवर फुल टेबल घ्यावं का? (सोलापूर, दोन अपस्ट्रीम)

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला माझं छोटं इंटरनेटचं काम आहे. बाराशेच्या आसपास कनेक्शन, निम्मी यंत्रमागवाल्यांकडे. इतके दिवस एकच अपस्ट्रीम (ज्याच्याकडून आपण नेट घेतो ती मोठी कंपनी) होता, डिफॉल्ट रूट ('सगळं याच्याकडेच ढकल' असा एकच मार्ग) टाकला की विषय संपला. आता स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या नेटवर्कची ओळख) आणि स्लॅश २३ चा ब्लॉक (५१२ आयपी पत्ते) मिळालाय, म्हणून दुसरी लिंक घेतली. एक पुण्याकडून येते, एक हैदराबादकडून.

नवीन लिंकवाल्याने विचारलं, "फुल टेबल (जगभरच्या मार्गांची पूर्ण यादी) देऊ का नुसता डिफॉल्ट?" म्हटलं द्या फुल. वेगळे पैसे पडत नाहीत तर सोडा कशाला!

राऊटर चार कोअरचा, १ जीबी रॅमचा. त्याच डब्यावर पीपीपीओई (गिऱ्हाइकांचं लॉगिन), क्यू (स्पीडची मर्यादा) आणि नॅटही (एकच पब्लिक आयपी अनेकांत वाटणं). रात्री साडेअकराला बीजीपीचं सेशन (राऊटर एकमेकांना मार्ग सांगतात ती जोडणी) उठवलं आणि आकडा चढताना बघत बसलो. दहा लाखांच्या जवळ जाऊन थांबला, रॅम ९० एमबी उरली. पण चाललं. घरी जाऊन झोपलो.

परवा दुपारी लाईट गेली, लिंक एकदा झपकली आणि खेळ सुरू झाला. एक कोअर १०० टक्के, बाकीचे तीन निवांत. नवीन सेशन पडलं ते पडलं, जुन्यालाही घेऊन पडलं. परत उठायचं, निम्मे रूट यायचे, परत पडायचं. पाऊण तास हेच. फोनवर एकच, "ओ दादा, मॅच चालू हाय अन् नुसतं गोल गोल फिरायलंय." शेवटी फुल टेबलचं सेशन बंदच केलं.

आता विचारतो ते असं, की छोट्या राऊटरला हे झेपतच नाही, का माझ्या सेटिंगमध्ये घोळ आहे? नवीन राऊटर घ्यायचा तर यंदाची एसएफपीची (फायबर जोडायच्या मॉड्यूलची) खरेदी राहते.

होटगीरोडकर
१ जीबीत कशाला जीव काढताय. १६ जीबीचा घ्या, मोकळे व्हा.

तारांचा_गुंता
थांबा, खिशात हात घालू नका.

तुमचं रॅमवर नाही अडलं, ९० एमबी उरली होती की. दोन टेबलं वेगळी धरा. शेजाऱ्यांकडून ऐकलेले सगळे मार्ग ठेवायचे ते एक, आणि त्यातून निवडलेले पॅकेट ढकलायला वापरायचे ते दुसरं. मोठ्या हार्डवेअर राऊटरमध्ये हे दुसरं टीकॅम नावाच्या चिपमध्ये बसतं आणि तिथली जागा ठरलेली असते. १२ ऑगस्ट २०१४ ला जगाचं टेबल ५१२के (सुमारे पाच लाख मार्ग) ओलांडून गेलं, तेव्हा सिस्कोच्या ६५०० आणि ७६०० मालिकेतल्या जुन्या राऊटरांची ती जागा भरली आणि ठिकठिकाणी नेट रडलं. आज आयपीव्ही४ चे (जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे) मार्ग दहा लाखांच्या आसपास आहेत, व्ही६ चे (नव्या पद्धतीच्या पत्त्यांचे) दोन लाखांवर. तुमच्यासारखा सॉफ्टवेअर राऊटर हे सगळं साध्या रॅममध्ये ठेवतो, म्हणून बसतं तरी.

मार खातो तो सीपीयू. लिंक झपकली की दहा लाख मार्ग काढायचे, परत आले की परत निवडून घालायचे. बऱ्याच छोट्या राऊटरांत हे काम एकाच कोअरवर येतं. मायक्रोटिकच्या राऊटरओएस ६ मध्ये तर बीजीपी एकाच कोअरवर चालायचं. त्या गडबडीत कीपअलाइव्ह ("मी चालू आहे" असा ठराविक वेळाने जाणारा निरोप) वेळेत जात नाही, समोरच्याचा होल्ड टाइम (त्या निरोपाची वाट बघायची मुदत) संपतो, तो सेशन तोडतो. मग परत पहिल्यापासून. तुमचा पाऊण तास त्यात गेला.

आता मुख्य गोष्ट. फुल टेबलने तुमचं पॅकेट *बाहेर* कुठून जायचं तेवढंच ठरतं. तुमच्याकडे माल येतो तो डाउनलोड. तो कुठल्या लिंकने यायचा हे तुम्ही जगाला काय अनाउन्स करता (आपले कुठले पत्ते कुठल्या लिंकने गाठायचे ते कळवता) त्यावर. म्हणजे अपलोडच्या चिमूटभर ट्रॅफिकसाठी दहा लाख ओझी वाहताय.

दोघांकडून डिफॉल्ट घ्या. वर हवे तर गूगल (१५१६९), मेटा (३२९३४), नेटफ्लिक्स (२९०६), क्लाउडफ्लेअर (१३३३५) एवढ्यांचेच मार्ग मागा, कंसात त्यांचे एएस नंबर दिलेत. टेबल देणाऱ्याच्याच बाजूला गाळून घ्या. तुमच्या फिल्टरने टाकायचे म्हटले तरी आधी दहा लाख वाचायला तुमचाच सीपीयू लागतो.

डाउनलोड वाटायचं तर स्लॅश २३ दोन्हीकडे अनाउन्स करा, शिवाय पहिला स्लॅश २४ (त्याचाच निम्मा भाग) पुण्याकडे आणि दुसरा हैदराबादकडे. नॅटचे पूलही (पब्लिक आयपींचे गट) तसेच पाडा. पुण्याची लिंक भरली की काही गिऱ्हाईकं दुसऱ्या पूलवर सरकवायची. एक लिंक गेली तर स्लॅश २३ आहेच. स्लॅश २४ च्या खाली मात्र फोडू नका, बाहेर कोणी घेत नाही. आणि आरओएमध्ये (आपला ब्लॉक कुठल्या एएसने अनाउन्स करायचा याची सही केलेली नोंद) २४ पर्यंत परवानगी घातलीय ना बघा, नाहीतर आपलीच अनाउन्समेंट अवैध ठरते.

डिफॉल्टची एक खोड सांगतो. अपस्ट्रीमची स्वतःची वरची लाईन गेली तरी तो डिफॉल्ट पाठवत राहू शकतो, मग तुमचं अपलोड अंधाऱ्या विहिरीत. वरचे मार्ग गेले की डिफॉल्टही काढून घ्या, असं त्याला आधीच सांगून ठेवा.

धागाकर्ता
काका, शनिवारी रात्री केलं सगळं. आरओए खरंच स्लॅश २३ पुरतंच होतं, ते आधी दुरुस्त केलं. काल मुद्दाम हैदराबादची फायबर उपसून बघितली. होल्ड टाइम संपेपर्यंतही थांबावं लागलं नाही, पोर्ट खाली गेल्या गेल्या ट्रॅफिक पुण्याकडे वळलं, सीपीयू हललासुद्धा नाही. सायंकाळी पुण्याची लिंक फुगत होती, तर विडी घरकुलची दोनशे कनेक्शन दुसऱ्या पूलवर टाकली. बसलं बरोबर.

व्ही६ चं पण डिफॉल्टच घेऊ का?

तारांचा_गुंता
तेच घ्या. आणि दोन्ही सेशनवर प्रीफिक्सची (येणाऱ्या मार्गांच्या संख्येची) मर्यादा घाला, पाच हजार पुरे. उद्या त्यांच्याकडच्या नव्या पोराने चुकून फुल टेबल सोडलं, तर ते एकच सेशन बंद होईल, जुन्याला घेऊन पडणार नाही.