काजवे बघायला जाताय? मुक्काम तंबूत नको, गावातल्या घरात करा

मुलुंडकर: गेल्या जूनमध्ये आम्ही सहाजणी कसारा लोकल धरून, पुढे जीपने भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेलो. रात्री दहाला घाटघरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग आणि सगळ्यांचे दिवे चालू! काजवा चमकतो तो जोडीदाराला खूण करायला. एवढ्या उजेडात ती खूण दिसणार कशी? अळ्या ओल्या मातीत, पाचोळ्यात वाढतात, आणि नेमकं तिथेच फोटोसाठी तुडवातुडव. तीही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. कास पठारावर संख्येला मर्यादा आहे, तशी इथेही हवी. गाड्या गावाबाहेर, मुक्काम गावकऱ्यांच्या घरी. पुरुषवाडी गावात काही पाहुणे असेच उतरतात.

अकोले तालुक्यातला, सध्या घाटकोपर: ताई, दिव्यांचं शंभर टक्के मान्य. मर्यादेचं नाही. हा हंगाम मेअखेरपासून जेमतेम दोन-तीन आठवडे. भाताच्या बी-खताला रोख लागते ती याच दिवसांत. माझा चुलतभाऊ स्वतःच्या खाचरात आठ तंबू लावतो. माणसं कमी केलीत तर आधी त्याचं बुकिंग जाईल, मोठ्या रिसॉर्टचं नाही. आणि कासला नाके लावता येतात, आमच्याकडे वाडीवाडीतून वाटा फुटतात.

डोंबिवली पूर्व: दोघांनीही पाण्याचा विषय काढला नाही. मेअखेर म्हणजे विहिरींनी तळ गाठलेला. सहा पाहुणे घरात उतरले की त्यांच्या अंघोळीचे हंडे त्या घरची बाईच वाहते, वर भाकऱ्याही तीच थापते. पैसे मात्र नवऱ्याच्या हातात. भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात, पाणी आपल्या मुंबईला, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. घरगुती मुक्कामाचं कौतुक करताना हे आधी बोला.

मुलुंडकर: हंड्यांचं खरंच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आम्हीही सकाळी गरम पाणी मागितलं होतं, आता लाज वाटते. एका रात्रीसाठी अंघोळ नको, आणि पैसे त्या बाईच्याच हातात द्यायचे, एवढं आपण ठरवू शकतो. दादा, तुमच्या भावाच्या तंबूंना माझा विरोध नाही. शहरातून येऊन, जागा भाड्याने घेऊन शंभर तंबू ठोकणाऱ्यांना आहे.

अकोले तालुक्यातला, सध्या घाटकोपर: मग माणसांचा आकडा ग्रामसभेला ठरवू द्या, मुंबईहून नको. ग्रामसभेने दोनशे म्हटलं तर दोनशे, मी भावाला समजावेन. पण आधी दिवे बंद करायला लावा, त्याला कुणाचीच परवानगी लागत नाही.