शनिवारी का नाही सांगितलं?

(सोसायटीचा ग्रुप, सोमवार सकाळ)

बी-304: मागच्या गेटबाहेर ओढ्याला कालपासून वास मारतोय, तो कशाचा? आमची दोघं काल तिथे कागदाच्या होड्या सोडून आली. चपला अजून गॅलरीतच आहेत, घरात घ्यायची हिंमत होत नाही.

ए-201: पावसात येतोच वास. गाळ ढवळला जातो.

बी-304: गाळाचा वास मला कळतो हो दादा. हा संडासाचा आहे.

ए-105: सुप्रभात मंडळी 🌼 आजचा दिवस आनंदात जावो.

सी-101: मी आत्ता गॅलरीतून बघितलं. पाणी करडं आहे, कडेला फेस आणि काठच्या झुडपांना पांढरे लगदे लटकलेत. टिश्यू पेपर असावा.

सी-502: टिश्यू पेपर आणि बरंच काही. पावसाचं पाणी मातकट दिसतं. करडं पाणी, चरबीचे गोळे, झुडपांना चिंध्या, म्हणजे मैलापाणी आलंय. ड्रेनेज खात्यात तीस वर्षं काढली, त्यामुळे गॅलरीत न जाताही सांगतो.

सेक्रेटरी: घाबरण्यासारखं काही नाही. शनिवारी रात्री मेन लाइन फुल झाली, पुढचं पंपिंग बंद पडलं होतं म्हणे. आपलं मागचं चेंबर भरलं. प्लंबरने पाइप टाकून पाणी पावसाळी गटाराकडे काढून दिलं, नाहीतर तळमजल्याच्या संडासातून वर आलं असतं. आता ऑल ओके.

बी-304: म्हणजे तुम्हाला शनिवारपासून माहीत होतं?

सेक्रेटरी: कमिटीच्या ग्रुपवर लगेच टाकलं होतं.

बी-304: कमिटीच्या ग्रुपवरचं कोणी ओढ्यात खेळत नाही, साहेब.

ए-003: मी तळमजल्यावर राहते. एकदा बाथरूममध्ये घोट्यापर्यंत आलं होतं, ते विसरता येत नाही. पाणी काढून दिलं ते बरंच केलं. पण रविवारी सकाळी एक मेसेज टाकायला काय जात होतं?

ए-201: आणि पसरवून काय होणार? फ्लॅट बघायला येणारे ग्रुपवरचे स्क्रीनशॉट आधी बघतात.

बी-602: आधी खात्री करू. मी बाटलीत सॅम्पल घेऊन लॅबला देतो. रिपोर्ट आला की नोटीस लावू.

सी-502: इथेच सगळीकडे चूक होते. ई-कोलायची तपासणी म्हणजे जंतू वाढवून मोजायचे, त्याला 18 ते 24 तास लागतात. रिपोर्ट हातात येईपर्यंत मुलं पाण्यात जाऊन, जेवून, झोपून उठलेली असतात. म्हणून सूचना घटनेवर द्यायची असते, रिपोर्टवर नाही. चेंबर वाहिलं हे डोळ्यांनी दिसलं ना? मग तेवढं पुरे. रिपोर्ट लागतो तो ‘आता पाण्यात जायला हरकत नाही’ हे सांगायला.

बी-602: काका, असं लोकांना कळवायचं बंधन कुठे असतं का? की नुसतं आदर्श वगैरे?

सी-502: असतं. न्यूयॉर्क राज्यात 2013 पासून कायदा लागू आहे: मैलापाणी बाहेर पडल्याचं लक्षात आलं की 2 तासांत सरकारी खात्याला आणि 4 तासांत लोकांना कळवायचं. अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या भागातल्या शहरांसाठी 2018 चा नियम आहे, त्यातही 4 तास, शिवाय पाणी जिथे नदीत पडतं तिथे पाटी लावायची. इंग्लंडमध्ये तर आणखी कडक. 2021 च्या पर्यावरण कायद्याप्रमाणे ओव्हरफ्लो सुरू झाल्यापासून तासाभरात जाहीर करायचं, थांबला की तेही तासाभरात.

सी-101: एका तासात कोण जाऊन बघतं?

सी-502: माणूस नाही, सेन्सर. चेंबरमध्ये एक अडसर भिंत असते, पाणी तिच्यावरून गेलं की नोंद होते. किती वाजता सुरू, किती वाजता बंद. जुन्या शहरांत पावसाचं आणि घरातलं पाणी एकाच नळातून जातं, जोरात पाऊस झाला की जादा पाणी नदीत सोडायची सोय मुळातच केलेली असते. न्यूयॉर्क शहराचा निम्म्याहून जास्त भाग असा आहे. लंडनने त्यासाठी थेम्सखालून 25 किलोमीटरचा बोगदा काढला. आपल्या लाइनी वेगळ्या आहेत, म्हणजे आपल्याकडे ओव्हरफ्लो ही सोय नाही, बिघाड आहे. चोकअप, बंद पडलेला पंप, नाहीतर कोणीतरी गच्चीचा पाइप ड्रेनेजला जोडलेला. या शेवटच्या विषयावर ए विंगशी नंतर बोलतो.

ए-201: 🙄

सी-502: सेक्रेटरीसाहेब, प्लंबरने टाकलेला तो पाइप परत काढला का?

सेक्रेटरी: काढला असेल. विचारतो.

सेक्रेटरी: प्लंबर फोन उचलत नाही. वॉचमनला बघायला पाठवलंय.

ए-201: त्यालाच सांगा ना, खाली उतरून मोकळं करून टाक म्हणावं.

सी-502: नाही. चेंबरमध्ये कोणीही उतरणार नाही. झाकणसुद्धा उघडायचं नाही. आत गॅस असतो, आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि प्रमाण वाढलं की वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं गॅस गेला. हे मी बघितलंय, पुन्हा बघायचं नाही. मशीनची गाडी बोलवा.

सेक्रेटरी: वॉचमन म्हणतोय पाइप तसाच आहे. अजून थोडं थोडं वाहतंय.

बी-304: ऑल ओके?

सेक्रेटरी: चूक झाली. गाडी बोलावली, ड्रेनेज खात्याकडे तक्रारही नोंदवली. नोटीस अशी लिहू का: ‘काही तांत्रिक कारणास्तव परिसरात दुर्गंधी जाणवण्याची शक्यता आहे. कृपया सहकार्य करावे.’

ए-003: यातून मला कळलं की नाक दाबायचं.

सी-502: दुर्गंधी नाही, मैलापाणी लिहा. असं करा: ‘शनिवारी रात्री साडेअकरापासून आपल्या मागच्या चेंबरमधलं मैलापाणी ओढ्यात जात आहे. अजून थांबलेलं नाही. किती गेलं ते मोजलेलं नाही. मागच्या गेटपासून खाली ओढ्याच्या पाण्यात उतरू नका, मुलांना आणि कुत्र्यांना सोडू नका, त्या पाण्याने झाडं किंवा गाड्या धुऊ नका. पाण्याशी संपर्क आला असेल तर साबणाने धुवा. जुलाब, उलटी, ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात गेल्याचं सांगा. थांबलं की पुन्हा कळवू.’ खाली तुमचा नंबर.

बी-602: ‘मोजलेलं नाही’ लिहायलाच हवं का? वाईट दिसतं.

सी-502: नाही लिहिलं तर लोक आपल्या मनाने मोजतात.

बी-304: काका, आमच्या धाकट्याच्या पायाला खरचटलेलं आहे.

सी-502: ताई, मग आजच दाखवून घ्या. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, त्याचे जंतू जखमेतून शिरतात. लक्षणं यायला आठवडा-दोन आठवडेही लागतात, म्हणून आज ठणठणीत आहे यावर जाऊ नका.

सी-101: बोअरला ब्लीचिंग पावडर टाकतो तशी ओढ्यात टाकली तर?

सी-502: नको, उरलेसुरले मासे मरतील. ती जमिनीवर सांडलंय तिथे मारा.

सेक्रेटरी: नोटीस दोन्ही गेटला आणि लिफ्टमध्ये लावली.

सी-502: लिफ्टमध्ये आपण वाचणार. ओढा मात्र आपल्यापासून खाली जातो. खालच्या कॉलनीत कोणाची ओळख आहे?

बी-304: माझी नणंद राहते. पाठवते.

बी-304: तिचा फोन आला. तिकडची सात-आठ पोरं सकाळपासून मासे धरत होती. बाहेर काढलीत, आंघोळी चालल्यात. विचारतेय, परत कधी सोडायची?

सी-502: ओव्हरफ्लो थांबून निदान तीन दिवस तरी नाही. मध्ये जोरात पाऊस झाला तर तिथून पुढे मोजायचं. आणि तेव्हा बी-602 ची बाटली उपयोगी पडेल.

बी-304: अजून एक विचारतेय. शनिवारी का नाही सांगितलं? काय सांगू?

सेक्रेटरी: माझा नंबर द्या त्यांना. मी बोलतो.