युरोपात शेवटचा शब्द कोणाचा?

रात्रशाळावाला: एलएलएमचा पेपर सोमवारी. १९६४च्या कोस्टा निकालात लक्झेंबर्गचं न्यायालय (म्हणजे युरोपचं सामाईक न्यायालय) म्हणतं, युरोपीय समुदायाचा (आजच्या युरोपीय संघाचा) कायदा राष्ट्रीय कायद्याच्या वर. आणि ५ मे २०२० ला जर्मनीचं घटना न्यायालय त्याच न्यायालयाचा निकाल 'अधिकारकक्षेबाहेरचा' ठरवून मोकळं. मग सार्वभौम कोण? सरांना विचारलं तर म्हणाले, "दोन्ही लिही."

कार्ल्सरूहकर: सर चुकले नाहीत. पण नोट्समध्ये तत्त्व असतं, बिल नसतं. इटलीने १९६२ मध्ये वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. अशाच एका कंपनीचे शेअर असलेल्या मिलानच्या कोस्टा वकिलाने, हे युरोपीय समुदायाच्या कराराविरुद्ध आहे म्हणत, १,९२५ लिरांचं वीजबिल भरलंच नाही. इटलीचं घटना न्यायालय म्हणालं, कराराला मान्यता देणारा कायदाही साधाच, नंतरचा त्याच्यावर मात करणार. चार महिन्यांनी लक्झेंबर्गने उलट सांगितलं: सदस्य देशांनी काही अधिकार कायमचे सोडलेत, एकतर्फी परत घेता येणार नाहीत.

आमच्या गावचं, कार्ल्सरूहचं न्यायालय, म्हणजे तेच जर्मनीचं घटना न्यायालय (राजवाड्याला लागून, काचेची बसकी इमारत, आत लाल झगे) १९७४ ला म्हणालं, जोपर्यंत युरोपकडे मूलभूत हक्कांची सनद नाही, तोपर्यंत युरोपचा कायदा आम्ही तपासणार. १९८६ ला: जोपर्यंत तिकडे संरक्षण पुरेसं आहे, तोपर्यंत नाही तपासणार. दार ओढून घेतलं, किल्ली खिशातच.

जुना_वकील: एवढा काथ्याकूट कशाला? युरोपीय संघाच्या कराराचं कलम ५० बघा, बाहेर पडायची तरतूद. ब्रिटन बाहेर पडलं की नाही? महाराष्ट्राला भारतातून बाहेर पडायची तरतूद आहे का? झालं.

रात्रशाळावाला: काका, ते बाहेर पडणाऱ्याचं झालं. आत राहून भांडणाऱ्याचं काय? २०२० ला किल्ली फिरवलीच ना?

कार्ल्सरूहकर: अर्धीच. सरकारी रोख्यांची खरेदी उद्देशाच्या प्रमाणातच आहे हे युरोपच्या मध्यवर्ती बँकेने तीन महिन्यांत दाखवावं, नाहीतर बुंडेसबँकेने (जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने) त्यातून अंग काढावं, असा तो निकाल. कागदपत्रं आली, जुलैत जर्मन संसदेने समाधान नोंदवलं. ब्रुसेल्सने (युरोपीय आयोगाने) जून २०२१ मध्ये जर्मनीवर कारवाई सुरू केली, डिसेंबरात फाईल बंद. जर्मन सरकारने युरोपीय कायद्याचं वर्चस्व लिहून मान्य केलं. न्यायालयाने निकालातली एक ओळ मागे घेतली नाही. माझ्या मते शेवटचा शब्द कोणाचा हे दोन्ही बाजूंनी मुद्दामच अधांतरी ठेवलंय. पेपरात तसंच लिही, बेधडक.

रात्रशाळावाला: लिहितो. १,९२५ लिरा म्हणजे किती हो?

कार्ल्सरूहकर: तेव्हाचे जेमतेम तीन डॉलर.